लुबानच्या वासाची पावडर

दुबईत अकरा वर्षं मी कुत्र्यामांजरांची डॉक्टर होते असं सांगितलं, की ठाण्यात लोक आधी उंटाबद्दल विचारतात. उंटाला मी अकरा वर्षांत दोनदा हात लावला, त्यातही एकदा फोटोसाठी. माझे पेशंट म्हणजे लॅब्रॅडॉर, पर्शियन मांजरं, अधूनमधून एखादा ससा, आणि एसीचा गारठा नि बाहेरची भट्टी यांच्यात दिवसभर ये-जा करून कातडी सोलवटलेले हस्की. बर्फातलं कुत्रं वाळवंटात कशाला आणलंत, असं मी पहिल्या वर्षी मालकांना विचारायचे. पुढे विचारणं सोडलं.

दिवाळी अंकासाठी परदेशातले गमतीदार अनुभव लिहा, असा निरोप होता. गमतीदार दोन-चार आहेतही. पण लिहायला बसलं की एक गोल, हिरवा पत्र्याचा डबा समोर येतो आणि बाकी काही सुचत नाही. तेव्हा त्याबद्दलच लिहिते. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

आमचं क्लिनिक जुमेराच्या मागच्या एका रस्त्यावर, जुन्या व्हिलात होतं. डॉक्टर तिघं. एक आयरिश सर्जन, एक मी, आणि तिसरे डॉक्टर हान. हे चीनमधल्या कुठल्याशा लहान शहरातून आलेले, पंचावन्नच्या पुढचे, इंटरनॅशनल सिटीत चौघांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचे आणि दोन बस बदलून यायचे. ते आमच्यासारखेच पदवीधर पशुवैद्य होते, पण त्यांचं काम चिनी जडीबुटीचं. मालकांना ती गोष्ट आवडायची, म्हणून क्लिनिकने त्यांना ठेवलं होतं.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. आमच्या धंद्यातलं निम्मं काम सुजेचं असतं. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे सुजतात, मांजरांच्या हिरड्या सुजतात, कुणाचे कान, कुणाचं आतडं. आमच्याकडे त्यावर दोन मोठी हत्यारं. एक, सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. दुसरं, स्टिरॉइड. दोन्हींनी गुण येतो, आणि दोन्ही पोटाला चावतात. म्हणून दोन्ही एकाच वेळी द्यायची नाहीत. हे कॉलेजातल्या मुलालाही पाठ असतं.

डॉक्टर हान आधी जीभ बघायचे. मग मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला तीन बोटं ठेवून नाडी. सांध्यात वारा, गारठा आणि ओल अडकली की दुखतं, म्हणायचे. माझ्या आजोळचे वैद्य वाताबद्दल हेच बोलायचे, आणि कॉलेजात शिकून आल्यावर मी त्यांना हसले होते. इथेही मनात हसले. मग आमच्याकडे बादशाह आला.

बादशाह हा हमीदाबींचा पांढरा पर्शियन बोका. हमीदाबी राजापूरच्या. यजमानांचं दुबईतल्याच देऱ्यात स्पेअर पार्ट्सचं दुकान, मुलं मोठी झालेली, आणि सगळा जीव या बोक्यात. त्याचं तोंड आतून इतकं लाल झालेलं, की तो ताटलीपाशी जायचा, वास घ्यायचा आणि ओरडून मागे सरायचा. मी तीनदा स्टिरॉइड दिलं होतं. महिनाभर बरं, पुन्हा तेच. शेवटी हमीदाबी मला म्हणाल्या, "डॉक्टरबाय, त्या चिन्याला दाखवू काय? तुम्हाला राग नाही ना येणार?"

राग आला होता. पण पाच आठवड्यांनी बादशाह मासळी खायला लागला. पूर्ण बरा नाही झाला, खायला लागला. मी डॉक्टर हानना विचारलं तेव्हा त्यांनी कपाट उघडून दाखवलं. दालचिनीच्या काड्या, ज्येष्ठमध, सुंठ, कसल्याकसल्या मुळ्या, आणि सांध्याच्या औषधात हिराबोळ नि लुबान. तोच लुबान, जो तिथल्या घराघरात निखाऱ्यावर टाकतात. शेकडो वर्षं इथून बोटीने आमच्याकडे गेला, ते म्हणाले, आणि आता पावडर होऊन परत येतो.

मग मी त्यांच्याकडून थोडं शिकले. थोडंच. कुठल्या सुजेला कुठला डबा, एवढं. ते नव्या पुड्यातली चिमूटभर पावडर आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायचे आणि न पटल्यास पुडा परत पाठवायचे. एकच कंपनी, एकच माल, सोबत तपासणीचा कागद. मला एकदा म्हणाले होते की या औषधाला महिना लागतो. तीन दिवसांत कुणी धावायला लागलं तर मला भीती वाटते. मी ते हसून ऐकलं होतं.

२००८ संपता संपता मंदी आली आणि लोक देश सोडून जायला लागले. आधी क्रेन थांबल्या, मग कंपन्या, मग आमची वेटिंग रूम बदलली. लस टोचायला येणारे कमी झाले आणि "झोपवायला" येणारे, म्हणजे इंजेक्शन देऊन मारून टाका म्हणणारे, वाढले. धडधाकट, तीन-तीन वर्षांची जनावरं. एका बाईला मी नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा कुत्रा आमच्या फाटकाला बांधलेला होता, पट्ट्यात त्याचं लसीचं कार्ड खोचलेलं. आमच्याकडे बोर्डिंगला ठेवलेल्या मांजरांचे मालक फोन उचलेनात. काही नंबर बंदच झाले. आम्ही त्या जनावरांची यादी रिसेप्शनच्या मागे लावली होती. ती एका पानात मावेना तेव्हा काढून टाकली.

जानेवारीत डॉक्टर हान चिनी नववर्षासाठी घरी निघाले. त्याच आठवड्यात त्यांचा व्हिसा रद्द करण्याचा कागद आला. म्हणजे परत यायचं नव्हतं. त्यांनी कपाट आवरलं, उरलेला माल मोजक्या पेशंटना वाटला आणि मला म्हणाले की हे आता बंद करा. मी हो म्हटलं.

मॅनेजरचं मत वेगळं होतं. एवढं चांगलं चाललंय ते बंद कशाला. मॅडमना येतंय की. जुना माल महाग पडतो म्हणून त्याने कुठून तरी एक एजंट शोधला. त्या माणसाने तो हिरवा डबा आणला. लेबल सगळं चिनी. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पावडर त्याच रंगाची, लुबानचा वास जरा जास्तच. एजंट म्हणाला, सांध्याचंच आहे, तेच आहे. अर्ध्या तासावर इंटरनॅशनल सिटीत हजारो चिनी माणसं ते लेबल वाचू शकली असती. मी गेले नाही. नोकरी टिकवायची होती, हे कारण खरं आहे. पण मला ते येतं असं लोकांना वाटत होतं आणि ते मला आवडत होतं, हेही खरं आहे.

बारा जनावरांना मी ती पावडर सुरू केली. त्यातला एक पेढा.

पेढा म्हणजे पेठकरांचा पिवळा लॅब्रॅडॉर, नऊ वर्षांचा, मागचे दोन्ही सांधे झिजलेले. नितीन पेठकर पुण्याचे, एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर. बायको मधुरा, आणि दहा वर्षांची सई, जी ऊद मेथाच्या शाळेत जायची. मिर्दिफमध्ये एका व्हिलाचा अर्धा भाग भाड्याने घेऊन राहायचे, कुत्र्यासाठीच. पेठकरांचा प्रोजेक्ट थांबला आणि त्यांना नोटीस मिळाली. सईची परीक्षा मार्चमध्ये संपली की व्हिसा रद्द, आणि एप्रिलच्या मध्यावर पुणे.

ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या गल्लीतल्या दोघांनी कुत्री सोडली. मी नाही सोडणार. पण याला उभं राहता यायला हवं. विमानवाले उचलून घेत नाहीत."

उन्हाळा चढला की विमानकंपन्या जनावरं घेत नाहीत, म्हणजे हातात दोन महिने होते. मी हिरव्या डब्यातली पावडर दिली. उकडलेल्या लिव्हरमध्ये मिसळून, दिवसातून दोनदा.

चौथ्या दिवशी मधुराचा फोन आला. पेढा जिना चढला होता.  मी फोन ठेवला आणि रिसेप्शनवरच्या मुलीला अभिमानाने सांगितलं. तीन दिवसांबद्दल डॉक्टर हान काय म्हणाले होते, ते मला त्या क्षणी आठवलंही नाही.

पुढच्या भेटीत पेठकर म्हणाले, हा पाणी फार पितो. मी म्हटलं, गरम व्हायला लागलंय. सारखं खायला मागतो म्हणाले. दुखणं कमी झालं की भूक येते, मी म्हटलं. घरात दोनदा मुतला, आधी कधी असं करत नसे. पाणी जास्त पितो ना, म्हणून. पोट सुटल्यासारखं वाटतं. खातो ना जास्त. एकेका गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं. ही चारही लक्षणं एका ओळीत लिहून परीक्षेत विचारली असती, तर मी झोपेतही "स्टिरॉइड" असं उत्तर लिहिलं असतं. पण माझ्या हाताने मी स्टिरॉइड दिलं नव्हतं, मग ते कुठून येणार?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेठकर त्याला पिंजऱ्यात बसायची सवय करत होते. तासन्‌तास आखडून बसल्यामुळे तो परत लंगडायला लागला. प्रवासापुरतं काहीतरी द्या, ते म्हणाले. मी सूज उतरवणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. रोज एक, जेवणानंतर, आजपासून.

पाचव्या दिवशी सकाळी क्लिनिक उघडतानाच ते दारात होते. पेढा गाडीच्या मागच्या सीटवर आडवा. हिरड्या पांढऱ्याफटक, पोट फळीसारखं. आदल्या दिवशी शी काळी झाली होती, डांबरासारखी. त्यांना वाटलं, लिव्हरमुळे. आयरिश सर्जन आणि मी लगेच पोट उघडलं. जठराच्या खालच्या टोकाला मटारच्या दाण्याएवढं भोक होतं आणि आतलं सगळं पोटभर पसरलेलं. सर्जनने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, याला स्टिरॉइड चालू होतं का?

नाही, मी म्हटलं. म्हणता म्हणता थांबले.

पेठकरांना आत बोलावून दाखवलं. त्यांनी भूल न उतरवता जाऊ द्या असं सांगितलं. मी इंजेक्शन दिलं. त्यांनी त्याचा एक कान हातात धरून ठेवला होता, आणि सगळं संपल्यावरही बराच वेळ सोडला नाही.

पावडर तपासायला पाठवली. अहवाल पुढे दहा दिवसांनी आला, पण मला थांबायची गरज नव्हती. पेढ्याच्या रक्तातच सगळं दिसत होतं. वनस्पतींच्या चुऱ्यात कुणीतरी दणदणीत स्टिरॉइड मिसळलं होतं, म्हणून तो चौथ्या दिवशी जिना चढला. त्यावर मी गोळी दिली.

मॅनेजरने दार लावून घेतलं. "मॅडम, डब्बा फेंक दो, खलास. बूढा कुत्ता था. किसी को कुछ बोलने का नहीं."

मी इथे फार थोर दिसावं असं काही नाही. डबा फेकून काम भागलं असतं तर मी तेव्हा काय केलं असतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. पण काम भागत नव्हतं. शरीर स्टिरॉइडसारखं द्रव्य स्वतःही थोडं बनवतं. बाहेरून मिळायला लागलं की बनवणं बंद करतं. मग बाहेरचं एकदम थांबवलं तर जनावर कोसळतं. उरलेल्या अकरा जणांची पावडर गुपचूप बंद केली असती तर त्यातले काही मेले असते. त्यांना ठरावीक मापाची स्टिरॉइडची गोळी देऊन ती हळूहळू उतरवायला हवी होती, आणि त्यासाठी मालकांना खरं सांगणं भाग होतं.

दुपारी मी आधी डॉक्टर हानना फोन लावला. ते भावाच्या डुकरांच्या फार्मवर काम करत होते. लाईनवर मागून डुकरांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं.  त्यांनी अकराही जनावरांची नावं एकेक करून विचारली. त्यातली सात त्यांची होती. कुणाची जीभ कशी होती, कुणाचं मूत्रपिंड आधीच कमजोर, कुणाला गोळी सावकाश उतरवायची, हे त्यांना कागद न बघता आठवत होतं. मी लिहून घेतलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "तुम्हाला लेबल वाचता येत नव्हतं. तुम्ही मला फोटो पाठवायला हवा होता."

मग मालकांना फोन केले. कुणी शिव्या दिल्या, कुणी वकिलाचं नाव घेतलं. हमीदाबींना मी तासाभरात येऊन जायला सांगितलं, कारण बादशाहलाही तीच पावडर मी सुजेसाठी सुरू केली होती. त्याची रक्तातली साखर वाढलेली निघाली. मांजरांना स्टिरॉइडने मधुमेह होऊ शकतो. आता रोज दोनदा इन्शुलिन टोचावं लागेल, हे सांगताना मला मान वर करवेना. त्या म्हणाल्या, "सासूला मी सात वर्षं टोचलंय. ह्याला नाय टोचणार?" आणि मग, उठताना, "पण मी आता तुमच्याकडे नाय येणार हां, डॉक्टरबाय." त्या खरंच आल्या नाहीत.

दहा जणांशी बोलणं झालं. अकरावा, एका जोडप्याचा म्हातारा टेरियर, त्याच्या घरचे दोन्ही फोन बंद. व्हिलावर गेले तर फाटकाला कुलूप, आत बागेतलं गवत पिवळं पडलेलं. त्यांनी त्याला सोबत नेलं की कुठे सोडलं, ते कधीच कळलं नाही. डॉक्टर हान नंतर महिनाभर ईमेलमध्ये त्याचंच विचारत राहिले.

पेठकरांकडे मी सगळ्यात शेवटी गेले. त्यांच्या विमानाला दोन दिवस होते. हॉलमध्ये खोकीच खोकी. मधुराने कागदी कपात चहा दिला. भांडी बांधून झाली होती. पेढ्याचा पिंजरा भिंतीशी तसाच उभा होता, वर त्याच्या नावाचं स्टिकर.

मी जे झालं ते क्रमाने सांगितलं. पावडर, त्यात काय होतं, पाणी पिणं, भूक, मी दिलेली उत्तरं, गोळी. पेठकर खोक्यावर बसून ऐकत होते. प्लॅनिंगचा माणूस, मध्ये एकदा त्यांनी विचारलं की गोळी नसती तर? मी म्हटलं, तर बहुतेक तो आज इथे असता. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "म्हणजे गोळी मी भरवली."

"मी लिहून दिली होती," मी म्हटलं.

"हो. पण तो घेत नव्हता. शेवटच्या दिवशी तोंड फिरवत होता. मी जबडा उघडून आत टाकली."

मधुरा उठून आत गेली. तेवढ्यात सई बाहेर आली. तिने किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. माझ्याशी ती नेहमी इंग्रजीत बोलायची, तशीच बोलली. पेढा आदल्या संध्याकाळी खेळायला बोलवत होता, म्हणाली. पुढचे पाय जमिनीवर टेकवून, मागचा भाग वर करून, तिच्याकडे बघत. खूप वेळ तसाच उभा होता. ती म्हणाली होती, आता नाही, उद्या. "ही वॉन्टेड टू प्ले, राइट, डॉक्टर?"

कुत्री खेळायला बोलवतात तेव्हा तशी वाकतात. आणि पोटात असह्य दुखत असलं की तशीच वाकतात, कारण छाती खाली टेकली की पोटावरचा ताण जरा कमी होतो. खेळाचं वाकणं दोन क्षणांचं असतं. दुसरं खूप वेळ चालतं.

पेठकर माझ्याकडे बघत होते. दोन दिवसांत मी दहा घरांत खरं बोलले होते.

"हो," मी म्हटलं. "खेळायचं होतं त्याला."

पेठकरांनी सईला जवळ घेतलं आणि पहिल्यांदा रडले. मी निघाले. त्या वर्षअखेर माझा करार क्लिनिकने पुढे चालवला नाही, आणि मी शारजाला एका लहान दवाखान्यात लागले. तिथे मी एकही औषध लेबल न वाचता दिलं नाही, पण त्याचं कौतुक मी कुणाला सांगत नाही.

तीन वर्षांपूर्वी ठाण्यात माझ्या फोनवर एक अनोळखी नंबर आला. आधी नाव: सई पेठकर. मग एका पाठ्यपुस्तकाच्या पानाचा फोटो. पुढचे पाय टेकलेला, मागून उंच झालेला कुत्रा, रेघांनी काढलेला, आणि खाली पोटदुखीच्या लक्षणांची यादी. ती पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होती. फोटोखाली तिने एवढंच विचारलं होतं: "हे?"

मी फोटो मोठा करून बघितला. मग "हो" असं लिहून पाठवलं.

तिने वाचल्याचं दिसलं. उत्तर नाही. दोन दिवस नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसेज आला, मराठीत.

"बाबांना नका सांगू. तो शेवटच्या दिवशीही खेळला, असं ते अजून सगळ्यांना सांगतात."